न आलेलं पाणी

वाळू इतकी सपाट होती
की कुणी माझ्यासाठीच हात फिरवून ठेवली असावी.
शेजारी पाणी, वारा पडलेला,
समोर हिमनदीची निळसर जीभ.
मी पाठपिशवी टेकवली, तंबूचं गाठोडं सोडलं.

बुरुल्चा घोडीचा तंग सैल करत होती.
बोलली काही नाही. चाबकाच्या दांड्याने
माझ्या मागच्या धोंड्यावर एक रेघ दाखवली फक्त:
छातीइतक्या उंचीवर,
करडी, गाळाची, ओळंबा लावल्यासारखी सरळ.
रेघेवर एक काटकी अडकलेली, अजून सालासकट.

वर गेलो.
वर म्हणजे तिरप्या, ढेकळांच्या, याकच्या शेणाने भरलेल्या गवतावर,
जिथे आर्चाची झुडपं वाऱ्याकडे पाठ करून बसलेली.
आधी तीच आडवी झाली, उघड्या जमिनीवर, बुटांसकट,
या कुशीवर, मग त्या कुशीवर,
बाजारात गादी पारखावी तशी.
उठून दोन दगड उपटून फेकले.
"डोकं चढाकडे. खाली करून झोपलास
तर सकाळी ते तुझं राहणार नाही."

मी बिश्केकच्या संस्थेतला, बर्फाची जाडी मोजणारा.
उताराचे अंश मला तोंडपाठ.
तिला उताराची कूस ठाऊक.

चूल तंबूपासून चाळीस पावलं, वारा जिकडे जातो त्या अंगाला.
मटणाची चरबी, साखर, माझी दातांची पेस्टसुद्धा
एका पोत्यात शिरून लांबच्या कपारीत गेली.
"अस्वलाला तुझ्याशी काही देणंघेणं नाही.
तुझ्या वासाशी आहे."
ओले मोजे काढायला लावले,
आईच्या मायेने नव्हे, घोड्याचा खूर तपासावा तसे.
कोरडा जोड वेगळा: तो चालण्याचा नाही, झोपेचा.
उकळतं पाणी बाटलीत, बाटली लोकरीत, लोकर पोटाशी.
कुरुतचा खारट खडा गालात.
कपाळ ठणकतंय का, दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा मी खरं सांगितलं.
"मग उद्या वर जायचं नाही." एवढंच.

माझ्या खुंट्या या जमिनीपुढे मऊ पडल्या. दोन वाकल्याच.
तिने कातडी थैलीतून सहा काढल्या:
नारिंगी, हलक्या, कुठल्याशा दूरच्या लिपीतला शिक्का असलेल्या.
"कुठे मिळाल्या?"
"नदीने आणल्या."
दोरी ताणून तिने गाठ मारली.
मी पुढचं विचारलं नाही.

रात्री नदीचा आवाज जाड झाला.
पाण्याखाली दगडावर दगड आदळत होते,
तळघरात कुणी लोखंडी कपाटं सरकवावीत तसे.
बाहेर आलो. बॅटरीचा उजेड पाण्यापर्यंत पोचेना.
घोडी उभ्याउभ्या झोपलेली,
एक कान मात्र दरीकडे, जागा.

पहाटे वाळू तिथेच होती.
कोरडी. सपाट.
दोन हात अलीकडे येऊन पाणी परतलेलं.
माझ्या टाचेचा कालचा ठसा जसाच्या तसा.

"आलं नाही," मी म्हणालो.
आवाजात जरा तक्रारच होती,
रात्रभर उतारावर घसरून कंबर धरलेल्या माणसाची.

"नाही आलं," ती म्हणाली,
चहात मीठ टाकलं, ढवळलं.
"बरं झालं."

जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठे मागायचा?
माझ्या वहीत त्यासाठी रकाना नाही.
तारीख लिहिली, तापमान लिहिलं,
पुढची जागा तशीच कोरी सोडली.

खाली उतरायची वेळ झाली तेव्हा तिने तंबू उतरवला.
एकेक खुंटी उपटून मातीसकट बोटाने निपटली,
गवतावर ओळीने मांडली
आणि थैलीत टाकताना मोठ्याने मोजली, पाच, सहा,
मला नव्हे,
खाली पाण्याच्या दिशेने बघत,
कुणाला तरी हिशेब द्यावा तशी.